हिरवागार अहवाल

प्रिय हाझिम,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं, त्याचा अर्थ लावत बसू नकोस. जबल अम्मानला नवं ऑफिस थाटलंयस म्हणे. काचेच्या भिंती, आणि समोर भला मोठा पडदा, त्यावर तुझ्या सगळ्या वेबसाइटींचे हिरवे ठिपके. छान. तुझी आई बरी असेल. आपलं ठरलेलं लग्न मोडल्यावर तुमच्याकडची कुनाफ्याच्या मिठाईची परात माझ्या आईनं परत पाठवली होती, ती पोचली ना? घासूनपुसून पाठवली होती हो.

जुन्या ऑफिसात आपण शेजारी बसायचो. तू वेबसाइटची पानं बांधायचास, मी ती कानांनी तपासायचे. डोळे गेल्यापासून पडदा वाचून दाखवणारा तो यांत्रिक आवाज हीच माझी नजर. बटणाला नाव द्यायला विसरलास की मी ओरडायचे, "हाझिम, हे नुसतं बटण बटण करतंय, कशाचं बटण, तुझ्या सदऱ्याचं?" सगळे हसायचे, तूही. मग तू ते आपोआप तपासणारं यंत्र आणलंस. कोड चढवला की ते आपलं आपण धावतं, आणि लाल खूण आली की पान पुढे जाऊच देत नाही. मी त्याच्या विरोधात होते असं तू गावभर सांगत फिरलास म्हणून लिहिते, मीच म्हणाले होते की ठेव, ढोबळ चुका ते माझ्याआधी पकडतं. फक्त शेवटी कुणीतरी कान लावून ऐकायला हवं. त्यावर तू भर मीटिंगमध्ये म्हणालास, "जुमाना, यंत्राला रोज टॅक्सी करून आणावं लागत नाही." सगळे हसले. मी नाही हसले. थोड्याच दिवसांत माझी खुर्ची गेली, आणि रमझान संपायच्या आत लग्नही गेलं. का, तर तुझ्या आईला वाटलं की मला घर चालवायला जमणार नाही. आईला! मी पातेलं उलटवून वाढलेला मकलूबा भात बोटं चाटत खायची तुझी आई, मेल्या. तुला जे बोलायचं धाडस नव्हतं ते तिच्या तोंडी घातलंस.

आता मी अंध विद्यार्थ्यांच्या संस्थेत शिकवते. रनीम माझी विद्यार्थिनी. जन्मापासून आंधळी, जिभेला धार, वकील व्हायचंय. शिष्यवृत्ती मिळाली तरच शिकेल, बापाच्याने फी झेपायची नाही. आणि अर्ज भरायचा तो फक्त तू बांधलेल्या वेबसाइटवर. तिनं पान उघडलं, आवाजानं पानाचं नाव सांगितलं आणि पुढे चिडीचूप. कळा दाबून दाबून बोटं दुखली, पण पान मुकं ते मुकंच. मुदत त्याच दिवशी संपत होती. तिनं मदतीच्या नंबरवर फोन केला, तो फिरत फिरत तुझ्याकडे आला. मी शेजारीच बसले होते. तू म्हणालास, "ताई, आमच्या पानाला शंभरपैकी शंभर आहेत. घरात कुणी डोळस नाही का?" तुझा आवाज ओळखायला मला कसलंही यंत्र लागत नाही. रनीमनं फोन ठेवला. मग म्हणाली, "मिस, तो माणूस खोटं बोलत नसावा, त्याला खरंच तसं वाटत असेल." गरीब बिचारी.

मी तुझ्या पानाचा कोड उघडला आणि ओळ न् ओळ ऐकली. सगळं पान एका चौकटीत कोंबलेलं, आणि चौकटीला हुकूम, की वाचून दाखवणाऱ्या आवाजापासून हे सगळं लपव. आत काही सापडेचना, मग तुमचं यंत्र तपासणार काय डोंबल? चूक सापडली नाही म्हणजे हिरवी खूण. पोरगा परीक्षेला बसलाच नाही आणि पहिला आला! कुण्या नवशिक्याच्या माथी मारू नकोस. साखरपुड्याच्या दिवसांत हीच युक्ती तू मला गंमत म्हणून दाखवली होतीस. तेव्हा गंमत होती. पान वेळेत द्यायचं होतं, लाल खुणा हटत नव्हत्या, म्हणून तू तीच गंमत एका मुलीच्या आयुष्यावर चालवलीस. मला राग आला असेल असं वाटतंय तुला? राग केव्हाच येऊन गेला, खुर्ची गेली तेव्हा. या वेळी मला आनंद झाला, हाझिम. आपलं लग्न ठरवताना फातिहा वाचली त्या दिवशीही इतका झाला नव्हता.

करार वाढवण्याआधी शिष्यवृत्ती मंडळानं बाहेरचा तपासनीस नेमला, पण नाव तुला कळवलं नाही. ती मी. तुला न बोलावलेल्या त्यांच्या सभेत मी आधी तुझा हिरवागार अहवाल मोठ्यानं वाचायला लावला. मग पडदा बंद करायला सांगितला, अध्यक्षांच्या कानाला हेडफोन लावले आणि म्हटलं, भरा आता अर्ज. भला माणूस कळा दाबत राहिला. शेवटी म्हणाला, "पान बिघडलंय का?" मी म्हटलं, "छे साहेब, पूर्ण गुण मिळालेत त्याला." मग हेडफोन सभेत हातोहात फिरले. प्रत्येकाचं कळा दाबणं मी मनसोक्त ऐकलं.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. मंडळाचा निर्णय छापून पाठवता आला असता. मी तो, आणि त्यासोबत हे पत्रही, ब्रेलच्या ठिपक्यांत उठवलं. पाकिटावर तेवढं भावाकडून शाईनं लिहून घेतलं, 'करारासंबंधी. वाचून घेण्यासाठी खालील नंबर.' तू कागद उजेडात धरला असशील, बोटं फिरवून पाहिली असशील, आणि शेवटी झक मारत त्या नंबरवर, म्हणजे आमच्या संस्थेत, फोन केला असशील. तर हाझिम, समोर बसून तुला हे वाचून दाखवणारी मुलगी रनीम आहे. मंडळानं तिला मुदत वाढवून दिलीय. तुझा करार माझ्या सहीवर अडलाय, आणि तिनं तुझ्या पानावर कुणाच्याही मदतीशिवाय अर्ज भरला तरच ती सही होईल. मुदत कधीची आणि बाकीच्या अटी काय, ते सगळं दुसऱ्या कागदावर आहे. तोही ठिपक्यांतच आहे. रनीम, पोरी, आता थांब. तो कागद त्यानं नीट विनंती केली तरच वाच.

तुझी होता होता वाचलेली,
जुमाना