खांद्यावर दोन थापा

२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र नाही, म्हणजे तू रुसलायस असं मी धरून चालते. फोन करण्यात अर्थ नाही, तुला नीट ऐकू येत नाही. मी घसा फोडायचा आणि तू नुसतं हो हो करायचं, त्यापेक्षा कागद बरा.

रातव्याचा, तुझ्या त्या उडणाऱ्या मुखवटेवाल्या वीराचा, नवा चित्रपट महिनाअखेर लागतोय. माझ्या चष्म्याच्या दुकानासमोर, बसथांब्यावर, ढब्बूचं एवढं मोठं चित्र लावलंय की गिऱ्हाइकाची नजर तपासताना मी सरळ सांगते, समोरच्या पोराच्या पायाखालची बारीक अक्षरं वाचा. लोक म्हणतात, नशीब काढलंत. आधी भाऊ रातवा, आता मुलगा रातवा. मी हसते. पण धाकट्या, पोरगं निम्मं झालंय रे. गेल्या महिन्यात घरी आलं ते स्वतःचा डबा घेऊन. आत काहीतरी उकडलेलं, त्यात मीठसुद्धा नाही. त्याच्यासाठी वाढलेलं ताट शेवटी मी जेवले. उघड्या अंगाचं चित्रीकरण असलं की आदल्या दिवशी पाणीसुद्धा घोट घोट मोजून देतात म्हणे. चित्रीकरणात दुखावलेल्या गुडघ्याचं विचारलं तर म्हणाला, मस्त आहे. जिना मात्र कठडा धरून उतरला.

चित्रपट चालला तर पुढचे चार भाग त्यालाच करावे लागणार, तसा करार आहे. नाही चालला तर तो मोकळा. आता आईने काय मागावं? रोज दिवा मालवताना मनात काहीतरी येतं आणि मी ते घाईघाईने गिळून टाकते.

तुझी ती खांद्यावरची थापही ठेवली आहे म्हणे, पण एकदाच, अगदी शेवटी, उडण्याआधी. दिग्दर्शक शिस्तीचा आहे, कागदावर नाही ते करू देत नाही. तू चित्रपट बघ आणि मला खरं काय ते कळव. मला त्यातलं काही कळत नाही, मी त्याचं वजनच बघत बसेन.

राग सोड. लोभ आहेच, तो ढब्बूसारखा रोडावू देऊ नकोस.

तुझी
ताई

१० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रुसलो आहे, हे खरं आहे. तुझ्यापासून काय लपवायचं? तीन चित्रपट मी त्या मुखवट्याआड घामाने भिजलो. अख्ख्या गावाने रातव्याला डोक्यावर घेतलं आणि माझं तोंड कोणी ओळखत नाही. आता नव्या चित्रपटाच्या जाहिरातीत म्हणे मूळ रातव्याला आदरांजली आहे. आदरांजली मेलेल्या माणसाला वाहतात. मी इथे रोज पोहण्याच्या तलावाचं पाणी तपासतो, पोरांना सूर मारायला शिकवतो आणि दोन वेळा व्यवस्थित जेवतो. आणि ढब्बूने तरी काय केलं? भूमिका मिळाली तेव्हा एकदा पाया पडून गेला, त्यानंतर फिरकला नाही. मामाची गादी चालवायची आणि मामाला विचारायचंसुद्धा नाही.

थापेचं तुला माहीतच नाही वाटतं. अगं, ती काही अदा नव्हती. मला दोरीला टांगायचे आणि समोर तो राक्षसी पंखा सोडायचे. ओरडलेलं कोणाला ऐकू जायचं नाही. पट्टा खांद्यात रुतून जीव नकोसा झाला की मी डाव्या खांद्यावर दोनदा थाप मारायचो. दोरवाल्याला ती खूण होती, खाली घे. पहिल्या चित्रपटात ती चुकून तशीच राहिली, कारण रीळ परत खर्च करायची कोणाची ऐपत नव्हती. लोकांना वाटलं, रातवा शपथ घेतो. गल्लोगल्ली पोरं खांदे बडवायला लागली. मी म्हटलं, असू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बघायला जाईन, पण तुझ्यासाठी. चित्रपट चांगला निघाला तर माझा जळफळाट होईल आणि वाईट निघाला तर पोराची कीव येईल. इकडे आड, तिकडे विहीर. तेवढं समजून घे आणि माया पातळ करू नकोस.

तुझा
धाकटा

२९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बघून आले. आधी सगळ्यांना सांगितलं ते लिहिते: फार भव्य आहे, ढब्बू उठून दिसतो. आता खरं लिहिते. अगदीच रटाळ आहे रे. सगळा अंधार. मला वाटलं माझाच नंबर बदलला, म्हणून चष्मा पुसून पाहिला. तुझा रातवा गटारात पडलेलं मांजर काढायचा, लोकांना हसवायचा आणि घरी जाऊन झगा शिवत बसायचा. याचा रातवा पहिल्यापासून रडवेला. त्याचे आईबाप कसे गेले ते तीनदा दाखवलं. तिसऱ्या वेळी मागून कोणीतरी म्हणालं, आता जाऊ द्या की त्यांना सुखाने. शत्रू कोण, तर एक ढग. ढगाला गुद्दे मारून मारून शहर पाडलं आणि नंतर त्याच विटांवर बसून पुन्हा रडला. ढब्बूचा सतत खांद्याकडे हात जायचा, आणि गेला की मागच्या रांगेतली पोरं खिदळायची. मी वळून असं पाहिलं की गप्प बसली.

मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आणि धाकट्या, त्या रिकाम्या खुर्च्या पाहून मला इतकं हलकं वाटलं की रडूच फुटलं. शेजारच्या बाईने रुमाल दिला. म्हणाली, मुलाचं काम पाहून भरून आलं ना. मी मान हलवली. अपयश लेकराचं आणि आनंद आईला, अशी कशी मी? बसथांब्यावरचं चित्र काल काढलं, तिथे आता गादीची जाहिरात आहे. मला त्या गादीचं चित्र इतकं आवडलं म्हणून सांगू!

ढब्बू फोनवर म्हणाला, मस्त आहे. त्याचं हे मस्त मला ऐकवत नाही. तू पाहिलास का? लगेच लिही, आणि माझ्यासारख्या बाईवरही जीव ठेव.

तुझी
ताई

३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल पाहिला. चित्रगृहात मी, एक जोडपं आणि झोपलेला दारवान. पहिला अर्धा तास मी मनातून खूश होतो, हे कबूल करतो. पंखा नाही, दोरी नाही, उडणं सगळं यंत्रावर काढलेलं. म्हटलं, बघा, असला रातवा असतो का? मग एका प्रसंगात तो नुसता स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेला असतो, समोर चहाचा कप. तिथे त्याचा हात डाव्या खांद्यावर गेला आणि दोन थापा पडल्या. माझं हसू तिथेच विरलं.

तूच लिहिलं होतंस की थाप एकदाच आहे, शेवटी. मग ही कुठून आली? पुढे पाहतो तर बोळात उभा असताना, पावसात भिजताना, खोट्या आईला मिठी मारताना. हात आला की खांद्यावर. लोकांना वाटलं मामाची नक्कल. ताई, ती नक्कल नव्हे.

तुला एक सांगायचं राहून गेलं आहे. ढब्बू लहान असताना सुट्टीत माझ्याकडे आला होता, तेव्हा हट्टाने उडी मारायच्या सगळ्यात उंच फळीवर चढला. वर जाऊन त्याने कठडा घट्ट धरला. खाली पोरांची रांग, सगळी बघतायत, भीती वाटते म्हणायची लाज. मी त्याला दोरीची खूण आधीच शिकवून ठेवली होती. त्याने खांद्यावर दोनदा थाप मारली. मी वर गेलो, त्याला पाठुंगळी घेतलं आणि खाली आणलं. एक शब्द विचारला नाही. पोरांना सांगितलं, फळी ओली आहे, आज बंद. आमचं ठरलं होतं की थाप आली की खाली घ्यायचं, का ते विचारायचं नाही.

ते पोर एवढ्या मोठ्या पडद्यावरून मला हाका मारत होतं आणि मी पाया पडायला कोण आलं नाही याचा हिशोब करत होतो. तू स्वतःला बोल लावू नकोस. चित्रपट पडला ते उत्तम झालं, असं मी तुझा भाऊ आणि पहिला रातवा या दोन्ही नात्यांनी सांगतो. पत्र पेटीत टाकून मी तडक त्याच्या घरी निघालो आहे. तलावाला सुट्टी. फळी ओली आहे.

आशीर्वाद पाठीशी असू दे, गुडघे माझेही आता बरे नाहीत.

तुझा
धाकटा

१५ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोन बंद करून टाकलाय, म्हणून पत्र. मामाकडे आहे. तू त्याला विचारून काळजी करण्याआधी सांगतो, जेवतोय. मीठ घालून.

त्या सकाळी मी चार दिवसांची दाढी वाढवून पलंगावर पडलो होतो. दार वाजलं. मामा. आत आला, पिशवीत माझे दोन कपडे कोंबले, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. मी त्याला सांगणार होतो की तुझी गादी घालवली, तुझं नाव बुडवलं. अख्ख्या प्रवासात त्याने संधीच दिली नाही. स्वतः काही विचारलं नाही, आणि मी तोंड उघडलं की खिडकीबाहेर बघायचा. ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, कोण जाणे.

थापांचं म्हणशील तर आई, मी मुद्दाम करत नव्हतो. हात आपोआप जायचा. दिग्दर्शक खूश झाले, म्हणाले वा, काय आदरांजली. मलाही तेच खरं वाटायला लागलं. तुम्ही दोघं एवढे अभिमानाने बघताय, आता नको कसं म्हणू, असं वाटायचं. पुढचे भाग रद्द झाल्याचं कंपनीने कळवलं तेव्हा मी खूप वाईट वाटल्याचा आवाज काढला. तेवढा एकच अभिनय मला त्या वर्षात जमला. मामा म्हणतो, तुलाही गादीची जाहिरात आवडली. मग आपण तिघं इतके महिने एकमेकांना कशाला फसवत होतो?

गुडघ्याच्या डॉक्टरांनी पोहायला सांगितलंय, पाण्यात सूर मारायलाही हरकत नाही म्हणाले. म्हणून काल फळीवर चढलो. तीच, सगळ्यात उंच. खाली पोरांनी मला ओळखलं. चित्रपट कोणालाच आवडला नसावा, पण सगळ्यांनी रांगेने उभं राहून खांद्यावर दोनदा थाप मारत सलामी दिली. उलट सलामी द्यावी म्हणून मी हात उचलला. तो खांद्यापर्यंत पोचायच्या आत खाली धडपड ऐकू आली. मामा चपला टाकून शिडीकडे धावत सुटला होता.

मी हात तसाच खाली घेतला आणि उडी मारली.

रविवारी येतोय, डबा न आणता. ताट मोठं काढ आणि माया त्याहून मोठी ठेव.

तुझा
ढब्बू