लाल गाडी उजळवताना

बाबा, "घासायला काय, म्हशीलाही येतं गो. थांबता आलं पायजे," असं तुम्ही मला एकदा म्हणाला होतात. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात. रोह्याला कंपनीत लागण्याआधी तुम्ही तिथे मूर्ती घासायचं काम करायचात, आणि नंतरही हंगामात सुट्टी काढून हात द्यायला जायचात, मला सोबत घेऊन. त्या दिवशी मी ओल्या पॉलिश पेपरनं एका लहान मूर्तीचं पोट गुळगुळीत करत होते. पोट झालं तशी सोंडेवर गेले. सोंडेवरच्या वळ्या मला खडबडीत वाटल्या, म्हणून त्याही घासल्या. तुम्ही मूर्ती उचललीत आणि दाराच्या उजेडाकडे धरलीत. सोंड सोललेल्या केळ्यासारखी झाली होती. "देवाला भाजलं-बिजलं काय गो?" असं म्हणत तिथल्या बायका हसल्या. तुम्ही हसला नाहीत. ते म्हशीचं वाक्य बोललात आणि ती मूर्ती बाजूला ठेवून दिलीत. मला वाटलं होतं, तुम्ही ती दुरुस्त कराल. पण गेलेल्या वळ्या परत येत नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी रोह्याजवळ वरसेच्या घरासमोर पत्र्याखाली तुमची गाडी उभी आहे. आईनं ती विकू दिली नाही. मेकॅनिक मधूनमधून येऊन चालू करून जातो, त्यामुळे चालते, पण लाल राहिली नव्हती. टपावर आणि बॉनेटवर तर खडू फासल्यासारखी पांढुरकी झाली होती. आईचंही तसंच झालंय, बाबा. वरून आई तीच दिसते, आतलं रोज थोडं थोडं पुसट होतं. गॅस चालू ठेवून ती अंगणात जाऊन बसते. एकदा स्टेशनच्या रस्त्याला सापडली, तुमचा डबा घेऊन निघाली होती. शेजारच्या काकी लक्ष ठेवतात, पण त्यांनीच मला फोन करून सांगितलं, "बाय, आता तुझ्याकडं ने तिला. माझ्यानं व्हत नाय." मी पेणला शिकवते, घर शाळेला लागूनच आहे, मागची खोली तिच्यासाठी लावून ठेवली आहे. पण ती आमच्या गाडीत बसत नाही, रिक्षात बसत नाही. "मी आपल्या गाडीनं येते," म्हणते. आपली गाडी पुढ्यात आणून उभी केली तर तिच्याकडे बघून म्हणते, "ही कोणाची गो? आपली लाल हाय."

म्हणून मी पॉलिश करायचं ठरवलं. मेकॅनिककडे दिली असती, पण मला वाटलं, हे माझ्या हातून व्हावं. हायवेजवळच्या रंगाच्या दुकानात गेले आणि काउंटरवरचा सगळ्यात मोठा, पॉलिशच्या मशीनला लावायचा लोकरीचा पॅड उचलला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, पयल्यांदाच करताय ना?" मी हो म्हटलं. "मग तो खाली ठेवा. तो कापतो जोरात. कडेला जरा रेंगाळलात की रंग खलास, खालचा पत्रा नमस्कार करंल तुम्हाला." त्यानं मला फोमचे पॅड दाखवले, एक जरा कडक, एक मऊ. पॅडवर घ्यायचं कंपाऊंडही दोन प्रकारचं, एक जाड दाण्याचं, हाताला वाळूसारखं लागणारं, दुसरं लोण्यासारखं बारीक. मी जाड घ्यायला लागले, कारण मला घाई होती. तो म्हणाला, "आधी बारीकनं एक टीचभर जागा करून बघायची. नाय निघालं तर मग जाडकडं जायचं. उलटं करू नका." आणि मग, "गाडी कोणाची?" "बाबांची." "मग त्यांनाच पाठवायचं की, तुम्ही कशाला हात काळे करता?" "ते नाहीत." त्यानं कडक पॅड परत फळीवर ठेवला. मग म्हणाला, "मऊच न्या. जाडची बारकी बाटली देतो, फक्त हट्टी डागांना. तीबी हातानं, मशीनला लावू नका." तुम्ही तिथे असता तर तुमचं आणि त्याचं जमलं असतं.

सगळं मी त्यानं सांगितलं तसंच केलं. धुतली, सावलीत वाळवली, कडांना आणि रबरांना टेप लावली. शाळेतल्या एका सरांकडून मशीन मागून आणलं. ते वेडंवाकडं डुलत फिरतं, त्यानं नवशिक्याच्या हातूनही रंग जळत नाही, असं ते म्हणाले. बॉनेटच्या कोपऱ्यात थोडी जागा बारीक कंपाऊंडनं करून पाहिली आणि खालून लाल वर आला, बाबा, तो लाल, ज्यात बघून तुम्ही दसऱ्याला झेंडूचं तोरण बांधल्यावर मिशा नीट करायचात. पॅड मात्र लालभडक झाला. मी घाबरले. मग कळलं, जुन्या रंगाचं असंच असतं, वरचा मेलेला थर पॅडवर येतो. आई ओट्यावर बसून बघत होती. मधेच तिनं विचारलं, "कोणाचं रक्त गो ते?" मी म्हटलं, "रंग हाय आई, बाबांच्या गाडीचा." ती म्हणाली, "त्यांना सांग, जेवून घ्या आधी."

दुपारी सगळी गाडी झाली. फक्त पुढच्या डाव्या दरवाजाच्या मुठीमागची खोलगट जागा राहिली होती. मशीन तिथे पोहोचत नाही. तिथे ओरखडेच ओरखडे होते, एकावर एक, कोळ्याच्या जाळ्यासारखे. मी जाड कंपाऊंडची ती बारकी बाटली काढली, पॅडचा तुकडा बोटाला गुंडाळला आणि घासत बसले. जात नव्हते. मी हट्टाला पेटले. सगळी गाडी आरशासारखी आणि हीच एक जागा घाणेरडी राहावी, हे मला सहन होईना. शेवटी गेले. तिथेही माझा चेहरा दिसायला लागला.

आईला हाताला धरून आणलं. ती थबकली आणि तिचा चेहरा उजळला. "आली गो आपली गाडी," म्हणाली. पदर सावरला, चपला झटकल्या, जशी नेहमी झटकायची. बॅग मी आधीच मागे ठेवली होती. तिनं मुठीत हात घातला. आणि बाबा, तिचं बोट तिथेच थांबलं. मुठीच्या मागे तिचं बोट काहीतरी शोधत होतं, आत, वर, पुन्हा आत. मग तिनं हात काढून घेतला. "चांगली हाय," ती म्हणाली, एखाद्या पाहुण्याच्या वस्तूबद्दल म्हणावं तशी. "पण आपली नाय. ज्याची हाय त्याला देऊन टाक बाय." आणि घरात गेली.

तेव्हा मला आठवलं. तिच्या पाटल्या तिथे घासायच्या. दार उघडताना प्रत्येक वेळी किर्र आवाज यायचा, आणि तुम्ही स्टिअरिंगवरून म्हणायचात, "झाली काय गो सही?" ती म्हणायची, "तुमच्या कंपनीचं गेट हाय काय, सही करून आत यायला?" दरवर्षी दसऱ्याला तुम्ही गाडी पुसायचात आणि त्या खोबणीपाशी फडकं वळवून पुढे जायचात. मला वाटायचं, तुमची जाडी बोटं तिथे जात नाहीत. तुम्ही गेल्यावर तिनं पाटल्या उतरवल्या, पण दार उघडताना तिचं बोट त्या ओरखड्यांवरून फिरत असणार. माझ्या कधी लक्षात आलं नाही.

आता ती गाडीकडे बघतही नाही. पूर्वी निदान विचारायची तरी, गाडी कधी येणार. माझ्या घरच्यांनी ठरवलंय, रविवारी डॉक्टरांकडून झोपेचं औषध घ्यायचं आणि अ‍ॅम्ब्युलन्समधून न्यायचं. वाटेतलं नागोठणं कधी गेलं तेही तिला कळणार नाही. मी हो म्हटलंय. दुसरं काही मला सुचत नाही. जाग आल्यावर ती कोणत्या घरात आहे असं तिला वाटेल, आणि मी कोण आहे असं वाटेल, याचा विचार मी करत नाही. म्हणजे तोच करते.

हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी पाठवलं नसतं, कारण यात एक गोष्ट आहे. काल मी कपाटातून तिची एक पाटली काढली आणि त्या खोबणीत ओढून पाहिली. एकच ओरखडा उठला, सरळ, पट्टीनं मारल्यासारखा. तिचा एकही सरळ नव्हता. मी लगेच थांबले.

बाबा, पेणला जायचं म्हटलं की ती दिवाबत्तीच्या काळजीनं विचारायची, "सांजेला परत येऊ ना?" आणि मुक्काम करायचा असेल तर तुम्ही तोंडावर सांगायचात, "नाय." मग ती रुसून घरीच राहायची. तुम्ही तिला कधी खोटं सांगितलं नाहीत, साधं आमटीच्या मिठाबद्दलसुद्धा नाही. तरी मी तुमच्याकडे एक मागते. रविवारी अ‍ॅम्ब्युलन्स यायच्या आत या, गाडीत बसा, दोनदा हॉर्न द्या, आणि तिनं विचारलं तर एवढंच म्हणा की हो, सांजेला परत येऊ.