कल्हईच्या डब्यातलं आगळ

प्रिय अलिना,

खालिदने हे पत्र हातात दिलं की मागच्या पडवीत जाऊन वाच, अम्मीसमोर नको. सख्खा भाऊ पोस्टमन झाला म्हणून हसू नकोस. तुझा फोन म्हणजे घरची सार्वजनिक मालमत्ता. मी बोलायला लागले की तू स्पीकर लावतेस आणि अम्मी भाकरी थापता थापता तुझ्याआधी उत्तर देते. शिवाय कारण कळल्याशिवाय तू जागची हलत नाहीस, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून सगळं लिहितेय. धीर धरून वाच, गो.

हारिसचं पोटदुखीचं रडगाणं ईदनंतर सुरू झालं ना? चार वर्षांचं तुझं गुटगुटीत पोर, आता पांढरंफटक पडलंय. ताटावर नाक मुरडतं, उगाच किरकिर करतं. खारेपाटणात डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. अम्मी म्हणाली, "पोराक नजर लागली, दुसरा काय नाय," आणि मीठ-मिरच्या ओवाळल्या. मी इथे गोव्यात रसायनशास्त्र शिकवते, पण मलाही काही सुचलं नव्हतं.

मागच्या खेपेला अम्मीने बांधून दिलेली आगळाची, कोकमाच्या खारवलेल्या रसाची, बाटली मी काल प्रयोगशाळेत नेली, ती निव्वळ मुलांना दाखवायला. त्या पाऱ्याच्या यंत्राला अम्मी माझं खेळणं म्हणते. केसाएवढ्या बारीक नळीच्या टोकाला पाऱ्याचा एक थेंब लटकतो. त्याला विजेचा दाब दिला की द्रावणातले धातू त्या थेंबात शिरतात. मग दाब हळूहळू बदलत न्यायचा. प्रत्येक धातू आपल्या ठरलेल्या दाबाला थेंबातून बाहेर पडतो आणि पडद्यावर त्या जागी एक टोक उठतं. कोकमासारखं गडद लाल काही असलं, तरी आधी आम्लात उकळून घेतलं की यंत्राला रंगाशी देणंघेणं नसतं. आगळात काय सापडणार, थोडं तांबं सापडेल, असं मी मुलांना मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. आणि शिशाच्या जागी टोक उठलं. चांगलं उंच.

पहिल्यांदा वाटलं, काच नीट धुतली नसेल. नुसतं शुद्ध पाणी घालून पाहिलं, पडदा सपाट. थेंब पाडून टाकला, नवा घेतला. पाऱ्याचं हे बरं असतं, नव्या थेंबाला आधीचं काही चिकटलेलं नसतं. पुन्हा तेच टोक. मुलांना घरी पाठवून दिलं आणि अम्मीला सहज म्हणून फोन केला, आगळ कशात ठेवतेस? म्हणाली, बरणीला तडा गेला, तेव्हापासून पितळी डब्यात. आंबट पितळेत कळकतं हे तिला कोणी शिकवायला नको, म्हणून आधी बाजारात कल्हई करून आणलेली. "आरशासारखो झालो डबो," म्हणाली.

मी कितीतरी वेळ त्या आशेला धरून बसले, की कल्हई कथलाची असते, तर हे कथीलच असेल. कथलाचं आणि शिशाचं टोक जवळजवळ एकाच जागी येतं, भले भले फसतात. मग दोन्ही वेगळी दिसतील असं द्रावण घेतलं. वेगळी दिसली. कथील जरासं, शिसं भरपूर. कल्हई करणाऱ्याने कथलात शिसं मिसळलं होतं आणि आगळाच्या आंबटाने ते विरघळत गेलं. आणि आपला हारिस शाळेतून आला की अम्मीकडे त्याच आगळाचं सरबत मागतो. ती कधी नाही म्हणत नाही. अलिना, मला अम्मीचा राग येत नाही गं, नुसतं रडू येतं.

गेल्या आठवड्यात तो माझ्याकडे आला होता तेव्हा अंगात रक्त कमी आहे का बघायला आपण रक्त दिलं ना, त्यातच शिसंही बघा, असं मी कालच डॉक्टरांना फोन करून सांगितलं. तो अहवाल आज आला. शिसं फार आहे. डॉक्टर म्हणाले, आजच घेऊन या, थांबलात तर झटके येतील, मेंदूवर जाईल. औषधाने ते बाहेर काढता येतं. खालिद गाडी घेऊन आलाय तो यासाठीच. कपडे भरत बसू नकोस, मी इथे इस्पितळाच्या दारात उभी असेन. आणि ऐक. आपल्याकडून कोणी प्रवासाला निघालं की अम्मी उंबऱ्यापाशी सरबताचा पेला पुढे करते, न पिता निघालेलं तिला चालत नाही. आजही ती आणेल. तिच्यावर ओरडू नकोस, काही सांगूही नकोस, ते मी येऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवून सांगेन. तू फक्त पोराला कडेवर घे, त्याचं तोंड खांद्यात दाबून धर आणि चालू लाग. पेला सांडला तर सांडू दे.

तुझीच,
निदाआपा