जयराजदादांच्या डाव्या बाजूला

६ जानेवारी, सोमवार

आले! खरंच आले!

सकाळी गॅरेजचं शटर अर्धंच वर होतं. एक माणूस वाकून आत आला. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बाहेर ड्रायव्हिंग स्कूलची छोटी गाडी. मला वाटलं, क्लच दाखवायला आलंय कुणीतरी. पण ज्ञानूमामांनी हातातला पाना खाली ठेवला आणि नुसते बघत उभे राहिले. आमचा हा मेकॅनिक कुणासाठी पाना खाली ठेवत नाही. तेव्हा कळलं — जयराज!

तीन वेळा देशातली मोठी कार रॅली जिंकलेला माणूस. कंपनीने टीम बंद केली आणि हे साताऱ्यात लोकांना रिव्हर्स शिकवत बसले. इतकी वर्षं! आणि परत यायचं तर कुणाकडे? आमच्याकडे. दर वेळी सहावे नाहीतर सातवे येणाऱ्या टीमकडे.

पप्पूशेठ, आमचे मालक, म्हणाले, "पहिली गाडी शिवतेजची. दुसरी तुमची. ही क्रांती, आष्ट्याची. तुमच्या शेजारी बसून नोट्स वाचंल."

मी म्हणाले, "नमस्कार सर."

"सर नको गं. स्कूलमधी धा जण म्हणत्यात. दादा म्हण."

८ जानेवारी, बुधवार

आईचा फोन. परत एकदा समजावून सांगितलं — दादा चालवणार, मी डाव्या सीटवर बसून पुढचं वळण कसं आहे ते वाचून सांगणार.

"का? त्येला दिसत न्हाई व्हय?"

हसून हसून पोट दुखलं. "दिसतं गं. पण वळणाच्या पलीकडचं कुणाला दिसतंय? म्हणून आदल्या दिवशी हळू फिरून सगळं लिहून ठेवायचं."

"मग हळूच जावा की दुसऱ्या दिवशी बी."

१२ जानेवारी, रविवार

वाईट दिवस. माळावर पहिली चाचणी. दादा हळू — लय हळू. शिवतेज त्यांच्यापेक्षा इतका पुढे, की पप्पूशेठ घड्याळ खिशात टाकून चहाला गेले. पोरं कुजबुजली, "एल बोर्ड काढायचा ऱ्हायला वाटतं."

दादांना ऐकू गेलं. दादा वळून म्हणाले, "काढतो की. जरा येळ द्या." आणि त्यांच्यातच बसून वडापाव खाल्ला.

मग उन्हातून सगळा रस्ता चालत गेले. एका खड्ड्यापाशी उकिडवे बसले. मी विचारलं काय बघताय. "हितं गाडी उजवीकडं का फेकती त्ये." मला तर तिथे फेकलेली जाणवलीसुद्धा नव्हती!

१४ जानेवारी, मंगळवार

दादांना तिळगूळ दिला. म्हणाले, "गोड बोल, पण लौकर बोल. वळण आल्यावर सांगून काय उपयोग?"

१९ जानेवारी, रविवार

आता नोट्स मराठीत. 'लेफ्ट फोर' बंद! दादा म्हणतात, इंग्रजी कानातून पायापर्यंत जाईस्तोवर बांध येतो. "डावं चार, आवळतंय. चढ, पलीकडं आंधळं. उजवं दोन, धोंडा आत." एक म्हणजे एकदम आवळ वळण, सहा म्हणजे जवळजवळ सरळ. पहिल्यांदा हसू आलं. दुसऱ्या फेरीला अंगावर काटा! सांगते आणि गाडी तशीच वळते — जणू माझ्या जिभेला स्टिअरिंग बांधलंय.

पण आजची खरी गोष्ट वेगळीच. शिवतेज डाव्या पायाने ब्रेक मारतो, उजवा ॲक्सिलरेटरवर तसाच. दादांच्या वेळी असं फारसं नव्हतं. दादा सरळ त्याच्याकडे गेले. "शिवतेज, त्ये डाव्या पायाचं मला शिकीव."

शिवतेज दादा आल्यापासून तोंड फुगवून होता. आधी त्याला वाटलं चेष्टा करतायत. मग दोघं गाडीत बसले ते अंधार पडेपर्यंत. तीन वेळा जिंकलेला माणूस आपल्या निम्म्या वयाच्या पोराला विचारतो, "आता बरोबर झालं का?" मला नसतं जमलं. मी तर शिवतेजला साधी वेळसुद्धा विचारत नाही!

२ फेब्रुवारी, रविवार

दादा आता शिवतेजच्या बरोबरीला आलेत. एकदा पुढेही! पण डावा गुडघा दुखतोय. सांगत नाहीत. उतरताना दार धरतात, तेवढं दिसतं.

पप्पूशेठनी आज मला बाजूला घेतलं. "कवठे महांकाळच्या रॅलीला पयल्या पाचात न्हाई आलं तर दुसरी गाडी बंद. नावावर किती दिवस ओढू?"

दुसरी गाडी बंद म्हणजे मीही बंद. शिवतेजच्या शेजारी त्याचा माणूस आहे. मी परत गॅरेजचे स्पेअर पार्ट मागवत बसायचं.

दादांना सांगितलं. म्हणाले, "बरोबर हाय त्येंचं. गाडी पळवायची म्हंजे कारण पायजे."

७ फेब्रुवारी, शुक्रवार. कवठे महांकाळ

दिवसभर हळू फिरून नोट्स लिहिल्या. कोरडी माती, मुरूम, बाभळी. शेवटचा टप्पा ढालगावच्या पवनचक्क्यांखालून. एका वळणावर मेंढरं आडवी. त्यांच्यामागे दगडाबाई नावाची म्हातारी, हातात काठी. दादा खाली उतरले, उद्या-परवा रस्ता कधी बंद ते नीट सांगितलं.

"लय जोरात जानार व्हय रं?"

"जायाचं तर हाय, मावशी."

"जा बाबा. पर कुनाच्या अंगावं नगं."

"न्हाई जात," म्हणाले. अगदी शपथ घेतल्यासारखं.

८ फेब्रुवारी, शनिवार

माझी चूक. माझीच.

दुसरा टप्पा. पुढच्या गाडीचा धुरळा, काही दिसेना. मोठा दणका बसला आणि वहीची दोन पानं एकदम उलटली. मी भलतंच वळण वाचलं — उजवं पाच. समोर बांध!

कसे वळले देवाला माहीत. गाडी आडवी होऊन थांबली. मला वाटलं आता ओरडणार. दादा फक्त म्हणाले, "पान सापडलं का? सापडलं की सांग, मग निघू."

त्या धुरळ्यात ते वाट बघत बसले! मी पान शोधलं. "डावं तीन." "झकास. चल."

सहावे आहोत. संध्याकाळी पप्पूशेठ चिडून आले — कुठे वेळ गेला? मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादा म्हणाले, "गाडी आडवी झाली माझ्या हातनं."

नंतर मी म्हणाले, "दादा, खोटं का सांगितलंत?"

"खोटं कुठं? हात माझंच हुतं की."

रडू आवरेना. उद्या एकही पान चुकणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

तिसरे!! तिसरे!!!

नीट लिहिते. सकाळी पाचवे झालो. तेवढ्याने भागलं असतं — गाडी वाचली, मी वाचले. शेवटच्या टप्प्याआधी मी तसं म्हणालेसुद्धा. दादांनी हेल्मेटचा पट्टा ओढला. "तू न थांबता वाच. बाकी माझ्याकडं सोड."

आणि मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. पवनचक्क्या नुसत्या अंगावर येत होत्या. चढ, पलीकडं आंधळं — आणि त्यांनी पाय काढला नाही! माझ्या शब्दावर! गाडी हवेत, आणि खाली टेकली ती बरोबर डावीकडे तोंड करून. मी ओरडत होते की वाचत होते कळेना. शेजारी दादा शांत. स्कूलमध्ये कुणाच्या आजीला सिग्नल शिकवावा इतके शांत.

शिवतेज सहावा आला, तरी पहिला धावत तोच आला. दादांना उचलायला गेला आणि दादा कळवळले. डावा गुडघा सुजून टम्म. क्लच दाबवेना.

म्हणून येताना गाडी मी चालवली. मिरज, सांगली, आष्टा — आईला हॉर्न दिला — आणि पेठ नाक्यावरून हायवे. दादा डाव्या सीटवर, पाय लांब करून. सांगलीचा कृष्णेचा पूल गेल्यावर हळूच म्हणाले, "उजवं चार. ट्रॅक्टर आत." मी हसले, पण तशीच वळले. मग साताऱ्यापर्यंत वाचतच राहिले. उसाच्या गाड्या, गतिरोधक, कुत्री, सगळं!

मध्येच विचारलं, "ब्रेक डाव्या पायानं मारतीस? कुणी शिकीवलं?"

"तुम्ही आणि शिवतेज शिकत होता तेव्हा बघितलं."

पुढचं वळण वाचायला लागले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दादा काठी टेकत गॅरेजमध्ये आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "मी थांबतो. अजून जमतंय का त्ये बघायचं हुतं. जमलं."

पप्पूशेठ म्हणाले, "आन् दुसरी गाडी? चालवनार कोन?"

दादांनी माझ्याकडे बोट केलं.

"ही? मग शेजारी कोन बसनार हिच्या?"

"मी बसतो की," दादा म्हणाले.