फाटकावरचे वाक्य मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
ताप तपासणी केंद्र (शाळेची इमारत),
कोथरूड, पुणे.

विषय : रहिवाशांच्या विनंतीवरून लावलेला फलक रद्द करणे व मैना यांना तातडीने तपासणे.
संदर्भ : अर्जदाराचाच दि. ५ एप्रिल २०२१ चा अर्ज.

महोदया,

१. अर्जदार पाटबंधारे खात्यातून आवक-जावक लिपिक म्हणून निवृत्त झाला असून सुखनिवास सोसायटीत राहतो. सोसायटीचे सर्व अर्ज तोच लिहितो. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय तो कोणत्याही खिडकीसमोरून हलत नाही, हे आपल्या कर्मचाऱ्यांना ठाऊक आहेच.

२. साथ वाढली तशी सोसायटीत कुरकुर सुरू झाली. “आम्ही इथले, आणि रांगेत पुढे हे नेपाळचे!” सचिव आप्पासाहेबांनी गळ घातली, “तात्याराव, जरा मुद्देसूद लिहा.” अर्जदाराने लिहिले : ‘बाहेरून आलेल्या व स्थानिक वास्तव्याचा पुरावा नसलेल्या व्यक्तींनी येथे येऊ नये.’ आपण ते वाक्य जसेच्या तसे केंद्राच्या फाटकावर लावलेत. सोसायटीच्या ग्रुपवर कौतुक झाले. खोटे कशाला बोलावे, अर्जदार हुरळला होता.

३. मैना या सोसायटीच्या नेपाळी वॉचमनच्या पत्नी. अर्जदाराची पत्नी शालन अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली आहे. सहा वर्षे तिला अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलून देणे, सगळे मैनाच करतात. चार दिवस त्या आल्या नाहीत, म्हणून आज सकाळी अर्जदार पंपाशेजारच्या त्यांच्या खोलीवर गेला, चिडूनच गेला. मैना तापाने फणफणल्या होत्या. उठून बसतानाही धाप लागत होती. केंद्रावर का गेला नाहीत, असे विचारता म्हणाल्या, “गेले होते काका, दोनदा. गेटवर लिहिलंय ना, आम्ही यायचं नाही.”

४. येथे नमूद करणे भाग आहे की, नेपाळीची लिपी आपलीच असल्याने मैना यांना फलक वाचता आला. कोणी हटकले नाही, कोणी हाकलले नाही. अर्जदाराचे वाक्य वाचून त्या आपल्या पायांनी माघारी गेल्या.

शालनला हे सांगितले. तिला नीट बोलता येत नाही. तिने डोळे मिटले आणि अर्जदाराच्या हातून पाणी घेतले नाही.

५. अर्जदार स्वतः १९८१ साली वर्ध्याहून पुण्यात आला. भाड्याची पावतीसुद्धा नव्हती. काविळीने पिवळा पडला, तेव्हा सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी आधी जीभ पाहिली, गाव नंतर विचारले. हे तो ५ एप्रिलला विसरला. त्याची त्याला फार लाज वाटते.

६. आप्पासाहेब फोनवर म्हणाले, “तुम्ही लिहिलंत, तुम्हीच निस्तरा.” ते बरोबरच आहे. आपल्या खिडकीवर हाका मारल्या, तर ‘लेखी द्या’ असे उत्तर आले. म्हणून फाटकाशी उभ्यानेच हे लिहीत आहे. परवानगीची वाट न पाहता अर्जदाराने फलक फाडून काढला आहे. होईल ती कारवाई मान्य आहे.

मैना बाहेर पायरीवर नवऱ्याच्या खांद्याला टेकून बसल्या आहेत. फलक गेला तरी त्या आत पाऊल टाकायला तयार नाहीत. अर्जदाराच्या सांगण्यावर त्यांनी का विश्वास ठेवावा? कृपया आपण स्वतः बाहेर येऊन त्यांना आत बोलवावे. या अर्जाची पोच नको. मैना यांच्या नावाचा केसपेपर द्यावा.

आपला ओशाळलेला,
तात्याराव मोटघरे
दि. २१ एप्रिल २०२१, सकाळी ११.१०

सोबत :
१) फलक, दोन तुकडे.
२) दि. ५ एप्रिलच्या अर्जाची पोच, आपल्या शिक्क्यासह, मूळ. परत.