गव्हर्नरसाहेबांची लेक

कुआला रंताऊ, ३ फेब्रुवारी १७९२

ति. दादास,
रुकियाचा सलाम, वि. वि.

हॅलम गव्हर्नर झाल्याचं मला मासळीबाजारात कळलं. कापडाचे तागे घेऊन आला आणि तापानं आपल्या ओटीवर पडला, तोच हा व्यापारी. मी पेज पाजून उठवला, आपली बोली शिकवली, त्याच्याशी निकाह केला. नऊ वर्षं इथंच जेवला. आता विलायतेहून मडम आणलीय म्हणे. आणू दे. आमच्या नूरला तू कामाला म्हणून त्याच्या बंगल्यावर नेलंस. पोर बापाच्या छपराखाली आहे, एवढ्यावर मी गप्प आहे. तो तिला लेक म्हणतो का? त्याचा कारकून झाल्यापासून तू फार गोड लिहितोस, तेव्हा जरा कडू लिही. वहिनीला यंदाची मिरी पाठवतेय.

धाकट्या बहिणीवरची माया आटू देऊ नकोस.
रुकिया

बंदर, १८ एप्रिल

चि. रुकिया हिस अनेक आशीर्वाद.

मिरी पोचली. साहेब नूरला पोरी म्हणतात, पण सगळ्याच मोलकरणींना म्हणतात. परवा जेवणावर मडम हसत म्हणाली, की या पोरीचे डोळे अगदी गव्हर्नरांसारखे घारे आहेत. पाहुणे हसले, साहेबही हसले. सकाळी मला बोलावून कागद करायला सांगितला: नूर येत्या गुरुवारच्या जहाजानं मडमच्या बहिणीबरोबर मद्रासला जाईल, कायमची दासी म्हणून. बापाचं नाव विचारलं, तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, माहीत नाही असं लिही. मी लिहिलं. मला चार पोरं आहेत, रुकिया, आणि बंदराची मुन्शीगिरी कबूल झालीय. नूर रडली नाही. आई येईल का, एवढंच विचारत होती. मी हो म्हटलं. तू मात्र येऊ नकोस.

दादाला समजून घे.
जमालुद्दीन

कुआला रंताऊ, २९ एप्रिल

दादा,

तू नको म्हणालास, म्हणून लगेच निघाले. दोन दिवस होडीत होते. धक्क्यावर पोचले तेव्हा नूर जहाजावर चढली होती. तिनं मला पाहिलं, हात केला. मी शिपायांना ढकलून हॅलमपुढे गेले, लेक परत दे म्हणाले. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मग तुझ्याकडे वळून विचारलं, ही बाई कोण. आपल्या बोलीत विचारलं, दादा, मला कळावं म्हणून.

आणि तू म्हणालास, ओळखीची नाही.

रुकिया