माद्या वगळा

चेन्नई, मंगळवार, १४ मार्च २००६

सरांनी आज माझ्या तक्त्यातल्या सगळ्या माद्यांवर लाल रेघ मारली. म्हणे मादी उंदरांचे आकडे बेभरवशाचे, त्यांच्या हार्मोनचा गोंधळच फार. पेपरात नुसते नर ठेव.

गोंधळ? रक्ताचे नमुने घ्यायच्या सकाळी पाहुण्यांना घेऊन उंदरांच्या खोलीत कोण शिरलं होतं? सरांचाच मोबाइल तिथे खणखणला. पिंजरे धुणारी आमची सेल्वी केसांतला मोगरा दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवून मगच आत जाते, वासानेही उंदीर बिथरतात म्हणून. आणि हे...

नरही त्याच खोलीत होते. त्यांचं ताणाचं हार्मोन जरासं वाढलं, माद्यांचं कितीतरी जास्त, आणि एकूण एक माद्यांचं. हा फरकच तर आम्ही शोधत होतो ना?

मी एवढंच विचारलं, तेही हळू आवाजात. सरांनी टेबलावर हात आपटला आणि मलाच म्हणाले, "इतकी भावनिक होऊ नकोस."

मी बाहेर आले. खिळ्याला मोगरा लटकत होता. आत सेल्वी माद्यांचे पिंजरे काढून ठेवत होती, अजूनही जराही आवाज न करता.